विद्यार्थ्याचा विषाद आणि आचार्यधर्म

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ उपदेशाने होत नाही. तो विषादाने होतो. ज्या ग्रंथाने ज्ञान, कर्म आणि भक्ती यांचा समन्वय जगापुढे ठेवला, त्याच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने 'अर्जुनविषादयोग' असे नाव दिले आहे. विषादालाही 'योग' म्हणावे ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. विषाद हा नेहमी अधःपाताचाच मार्ग असतो असे नाही; योग्य पुरुष जवळ असेल, तर तोच ज्ञानाचे द्वार ठरू शकतो. परंतु या वाक्यातील 'योग्य पुरुष जवळ असेल, तर' ही अट कोणीही विसरू नये. अर्जुनाच्या रथावर सारथी म्हणून श्रीकृष्ण बसलेले होते. सारथी दुसरा कोणी असता, तर त्याच विषादाचा शेवट काय झाला असता, हे सांगता येत नाही.

आज आपल्या देशातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हजारो तरुण अशाच एका रथात एकटे बसलेले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली भारतात 13,044 विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने आपले जीवन संपविले. यांत शाळेपासून विद्यापीठापर्यंत सर्व पायऱ्यांवरील मुले येतात. हा आकडा वाचून गृहस्थाश्रमी मनुष्याचे हृदय हेलावल्यावाचून राहणार नाही. कारण यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचा दिवा होता. ज्यांनी असे टोक गाठले नाही, पण जे रात्र रात्र जागून काढतात, जेवणाचे ताट तसेच ठेवून उठतात, चार मित्रांत बसूनही मनाने दूर असतात, त्यांची गणना तर कोणत्याच वहीत होत नाही.

अशा वेळी एक धर्मप्रश्न उपस्थित होतो. विद्यापीठातील अध्यापकाचे काम विद्या देणे हे आहे. विद्यार्थ्याच्या अंतःकरणातील दुःखाचा भार त्याने घ्यावा काय? घ्यावयाचा असेल, तर किती? आणि वसतिगृहाचे रेक्टर, ग्रंथपाल, फी घेणारा कारकून, फाटकावरचा पहारेकरी, ज्यांच्याकडे शिकविण्याचे कामच नाही, त्यांचे या बाबतीत काही कर्तव्य आहे काय? हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा नव्हे; तो स्वधर्माचा आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर गीतेच्या प्रकाशात शोधणे उचित होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना असे वाटते की जो हुशार आहे, ज्याला चांगले गुण मिळतात, त्याला दुःख कसले? छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायातील नारदांची कथा या समजाला उत्तर देते. नारद सनत्कुमारांकडे गेले, तेव्हा त्यांनी आपण काय काय शिकलो याची यादीच सांगितली. त्या यादीत चारही वेद होते, इतिहासपुराणे होती, व्याकरण होते, गणित होते, तर्क होता. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर नारदांजवळ सर्व विद्याशाखांच्या पदव्या होत्या. आणि एवढे सांगून झाल्यावर ते म्हणाले की मी शोकात आहे, मला या शोकाच्या पार न्यावे. विद्या भरपूर असूनही शोक उरू शकतो, ही गोष्ट आपल्या ऋषींनी इतक्या प्राचीन काळी नोंदवून ठेवली आहे.

त्या कथेत सनत्कुमारांचे वर्तन विशेष लक्ष देण्यासारखे आहे. "एवढे शिकून तुला रडावयास लाज कशी वाटत नाही?" असे त्यांनी विचारले नाही. तुला जे ठाऊक आहे ते घेऊन माझ्याजवळ बैस, त्याच्या पुढचे मी सांगेन, अशी त्यांची भूमिका होती. मग नारद जेथे उभे होते त्याच पायरीपासून, 'नाम' या पहिल्या गोष्टीपासून, त्यांनी एकेक पाऊल पुढे नेले. दुःखी माणसाला उचलून एकदम शिखरावर ठेवता येत नाही. तो जेथे असेल तेथे जाऊन त्याचा हात धरावा लागतो.

आता गीतेकडे वळू. येथे एक मोठा आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, अर्जुन खचला तेव्हा श्रीभगवंतांनी त्याला गोंजारले नाही. त्याच्या मनःस्थितीला 'क्लैब्य' म्हटले, हृदयाचे क्षुद्र दौर्बल्य म्हटले आणि उठून उभा राहा अशी आज्ञा केली. पुढे तर, जे शोक करण्याजोगे नाहीत त्यांच्याविषयी तू शोक करतोस, असेही सांगितले. मग एखाद्या प्राध्यापकाने रडणाऱ्या विद्यार्थ्याला "मर्द हो, असला दुबळेपणा सोडून दे" असे खडसावले, तर तो गीतेचेच अनुकरण करीत नाही काय? अनेक सज्जन, चांगल्या हेतूने, असेच समजतात. आणि गीतेचे नाव घेऊन खचलेल्या मुलाला अधिकच खचवितात.

या आक्षेपाचे उत्तर गीतेतील घटनाक्रमातच आहे. पहिल्या अध्यायात श्रीभगवान किती बोलतात? जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच काय ते त्यांचे बोलणे. त्यानंतर अध्यायाच्या शेवटापर्यंत अर्जुन बोलतो आणि ते ऐकतात. समोर दोन सेना सज्ज आहेत, शंख फुंकले गेले आहेत, अशा घाईच्या क्षणी रथ थांबलेला आहे आणि सारथी ऐकत आहे! एका विद्यार्थ्याचे पंधरा मिनिटे ऐकून घेण्यास वेळ नाही असे ज्याला वाटते, त्याने कुरुक्षेत्रावरील हा थांबलेला रथ डोळ्यांपुढे आणावा.

दुसरी गोष्ट, तो कठोर शब्द उच्चारण्यापूर्वी श्रीभगवंतांनी प्रश्न विचारला आहे: हे मालिन्य तुला कोठून आले? कठोर वाणीचा आरंभदेखील कारणाच्या विचारणेने झाला. तिसरी गोष्ट, त्या बोलण्यातच अर्जुनाला 'पार्थ' आणि 'परंतप' अशा संबोधनांनी हाक मारली आहे. एका नावाने त्याच्या आईची आठवण दिली, दुसऱ्याने त्याच्या पराक्रमाची. ते शब्द एका जिवलग सख्याचे होते आणि ज्याला सांगितले त्याला त्या सख्याच्या प्रेमाविषयी तिळमात्र शंका नव्हती. वर्षभरात ज्याने विद्यार्थ्याचे नावही लक्षात ठेवले नाही, त्या अध्यापकाला तेच शब्द वापरण्याचा अधिकार कोठून येणार?

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौथी. त्या कठोर शब्दांनी अर्जुन उठला काय? नाही. त्यानंतरही तो आपले दुःख सांगतच राहिला आणि शेवटी मी युद्ध करणार नाही असे म्हणून गप्प बसला. साक्षात भगवंतांच्या तोंडची निर्भर्त्सना जेथे एकटी पुरी पडली नाही, तेथे इतरांच्या निर्भर्त्सनेची काय कथा? अर्जुन उभा राहिला तो पुढच्या अध्यायांतील दीर्घ, धीराच्या संवादाने. त्या संवादात त्याने पुन्हा पुन्हा शंका विचारल्या. तुमच्या मिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, अशी तक्रारदेखील केली. आणि ती शांतपणे ऐकून घेतली गेली. तेव्हा एका श्लोकाचा आधार घेऊन उरलेल्या संवादाकडे पाठ फिरविणे हे गीतेचे अनुकरण नसून गीतेचा विपर्यास आहे.

पहिल्या अध्यायाचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे लक्षणे ओळखण्याचा. व्यासांनी अर्जुनाचे दुःख केवळ शब्दांत नव्हे, तर देहावर दाखविले आहे. गात्रे शिथिल होणे, तोंडाला कोरड पडणे, कंप सुटणे, हातातले धनुष्य गळून पडणे, उभे राहता न येणे, मन भ्रमणे आणि चहूकडे अशुभ चिन्हेच दिसणे, ही सारी लक्षणे तेथे आहेत. विद्यापीठातही दुःख प्रथम असेच प्रकट होते. नियमित येणारा मुलगा तासांना येईनासा होतो, प्रयोगवहीची पाने कोरी राहतात, झोप आणि भूक उडते, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध राहत नाही, मित्रांची संगत तुटते, स्वभाव एकाएकी चिडका होतो. 'हातातले धनुष्य गळणे' याचा आजचा अर्थ हाच.

अर्जुन आपल्या शोकाला युक्तिवादाचे वस्त्र नेसवितो, हेही ध्यानात घ्यावे. कुलधर्म, वर्णसंकर, पितरांचे पिंड असे अनेक मुद्दे तो मांडतो. विद्यार्थीही असेच करतो. तो येऊन म्हणतो की मला विषय बदलून हवा आहे, मला गावी जावयाचे आहे, माझा अर्ज मंजूर करा. अर्जावर जे लिहिलेले असते ते नेहमीच खरे दुःख नसते. सुज्ञ अध्यापक अर्जाचा निकाल देण्यापूर्वी एवढे तरी विचारतो की, "अरे, बैस जरा. प्रकृती ठीक आहे ना? घरी सर्व क्षेमकुशल आहे ना?"

शिवाय त्या अध्यायाच्या शेवटी शेवटी अर्जुन असेही म्हणून जातो की, निःशस्त्र असलेल्या मला शत्रूंनी मारले तरी ते मला अधिक कल्याणकारक होईल. मरण हीच सुटका वाटू लागणे हे विषादाचे सर्वांत गंभीर लक्षण होय. एखादा विद्यार्थी "मी नसलो तर सर्वांचे बरे होईल" असे म्हणाला, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. अशा वेळी जीवन संपविण्याचे विचार मनात येतात काय, असे शांतपणे आणि सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात भरविला जातो ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची गणना भ्रामक समजुतींत केली आहे. उलट, ज्या ओझ्याचे नावही कोणी घेत नव्हते त्याचे नाव दुसऱ्याने घेतले, म्हणजे सांगणाऱ्याला मोकळे होता येते.

लक्षण दिसले, मग करावयाचे काय? येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील त्यागाचे त्रैविध्य मार्गदर्शक होते. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग, कष्टाच्या भीतीने सोडणे हा राजस त्याग, आणि आसक्ती व फळ सोडून कर्तव्य म्हणून कर्म करीत राहणे हा सात्त्विक त्याग, असे तेथे सांगितले आहे.

"मी शिकविण्याचा पगार घेतो, मुलांची मने सांभाळण्याचा नाही," असे म्हणणारा प्राध्यापक तामस त्याग करतो. कारण आपले नियत कर्म कोणते याविषयीच त्याला मोह पडला आहे. ज्याच्यापुढे रोज शंभर तरुण बसतात, त्याच्या कर्मातून त्या तरुणांचे जिवंत असणे वगळता येत नाही. "यात पडलो तर उद्या चौकशी होईल, पालक दोष देतील, कागद रंगवावे लागतील," असे म्हणून जो तोंड फिरवितो, तो राजस त्याग करतो. त्याला कर्तव्य कळते, पण त्रास नको असतो. आणि जो त्रास व यश दोहोंचा हिशेब बाजूस ठेवून जेवढे आपल्या हाती आहे तेवढे निष्ठेने करतो, तो सात्त्विक होय.

परंतु "जेवढे आपल्या हाती आहे" याला मर्यादा आहे. परधर्म भयावह आहे असे गीता बजावते. अध्यापकाने वैद्य होऊ पाहणे हा परधर्म आहे. काही दयाळू माणसे दुःखी मुलाला आपल्या घरी बोलावून रात्र रात्र समजावीत बसतात, औषध घेऊ नकोस असेही सांगतात, आणि आपणच याला वाचवू अशा अहंकारात नकळत सापडतात. हेतू शुभ असला, तरी याने हानी होऊ शकते. सर्वच विषाद तत्त्वविचाराने जाणारा नसतो. काही विषाद हा रोग असतो, ज्वराइतकाच खरा. आपल्या परंपरेलाही हे अपरिचित नव्हते. चरकसंहितेत मनाचे दोष म्हणून रज आणि तम सांगितले आहेत आणि चिकित्सेच्या तीन प्रकारांत 'सत्त्वावजय', म्हणजे मनाची चिकित्सा, हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. मनाचे दुखणे वैद्याकडे नेण्यात कमीपणा आहे, ही समजूत शास्त्राची नव्हे. ती लोकलज्जेची आहे.

तेव्हा अध्यापकाचा धर्म चार पदरी आहे: पाहणे, ऐकणे, योग्य ठिकाणी पोहोचविणे आणि नंतर विसरून न जाणे. दुःखी विद्यार्थ्याला केवळ "समुपदेशकांकडे जा" असे सांगून दार दाखवू नये. शक्य असल्यास त्याच्यासमोर दूरध्वनी करून वेळ ठरवावी, पहिल्या खेपेस सोबत जावे आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी. जीविताला धोका आहे असे वाटल्यास त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. रेक्टर, वैद्य आणि घरची विश्वासाची माणसे यांना त्याच वेळी कळवावे. विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हा धर्म आहे. परंतु जीव वाचविण्यापुरती ती योग्य माणसांच्या कानावर घालणे हा त्याहून मोठा धर्म आहे. म्हणून "कोणालाही सांगणार नाही" असे वचन आरंभीच देऊ नये. "तुझ्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढेच, आवश्यक त्यालाच सांगेन," एवढे वचन खरे असते आणि ते पाळता येते.

बोलावे कसे, याचा नियम सतराव्या अध्यायातील वाङ्मय तपात सापडतो: उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. "यात रडण्यासारखे काय आहे? तुझ्याहून वाईट स्थितीत लोक आहेत," हे वाक्य कदाचित सत्य असेल, पण ते उद्वेगकर आहे. "सर्व काही ठीक होईल, काळजी करू नकोस," हे प्रिय आहे, पण सत्य आहे की नाही हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. "तू हे मला सांगितलेस, बरे केलेस. यातून मार्ग काढण्यास तुला एकट्याला धडपडावे लागणार नाही," या बोलण्यात चारही गुण येतात. तपाला वनातच जावे लागते असे नाही. महाविद्यालयाच्या कचेरीत खुर्चीवर बसूनही ते घडते.

येथे अध्यापकेतर सेवकांचा विचार केला पाहिजे. गुरुकुलात आचार्य शिष्याला पहाटे पाहत आणि रात्री पाहत. शिष्याचा चेहरा उतरला, तर आचार्यांना आणि गुरुपत्नीला ते त्याच दिवशी कळे. आज एकेका विद्यापीठात हजारो विद्यार्थी आहेत. एका आचार्याची दृष्टी तेथे कशी पुरणार? म्हणून त्या एका दृष्टीच्या जागी अनेक दृष्टी असाव्या लागतात. मेसमध्ये वाढणाऱ्याला कळते की अमुक मुलगी तीन दिवस जेवावयास आली नाही. पहारेकऱ्याला कळते की कोण रात्री-अपरात्री एकटा फिरतो. कारकुनाला कळते की कोणाची फी थकली आहे आणि खिडकीपाशी येताना कोणाचे पाय जड होतात. यांचे पद लहान असेल, पण लोकसंग्रहात लहान-मोठे पद नसते. कित्येकदा "काय रे बाळ, बरे नाही का?" हा पहिला प्रश्न प्राध्यापकाआधी यांनाच विचारता येतो.

देशाच्या कायद्यानेही हा विचार आता मान्य केला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमाने, जीवन संपविण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा नव्हे तर शुश्रूषा मिळावी, असे ठरविले. 2023 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 2025 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील या प्रश्नाचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी 25 जुलैच्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि अध्यापक व अध्यापकेतर अशा सर्व सेवकांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू असून 14416 या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत दिवसरात्र बोलता येते. प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर आणि प्रत्येक गृहस्थाच्या वहीत हा क्रमांक असावा.

परंतु कायदा दार उघडतो. आत कोणी माणूस बसलेला असावा लागतो. समुपदेशकाची पाटी आहे आणि खोलीला कुलूप आहे, अशी स्थिती असेल तर नियम पाळूनही धर्म पाळला जात नाही. तसेच दुःखाचे कारण नेहमी विद्यार्थ्याच्या मनातच असते असेही नाही. त्याच्या जातीवरून, भाषेवरून, गावंढळ उच्चारांवरून, गरिबीवरून जेथे हिणविले जाते, जेथे निकाल चारचौघांत वाचून अपमान केला जातो, तेथे त्याला मनोनिग्रह शिकविणे हा अन्याय आहे. जखमेत काटा तसाच ठेवून वर लेप लावण्यासारखे ते होय. ज्ञानी पुरुष सर्वांच्या ठायी समदृष्टी असतो असे गीता सांगते. विद्यापीठात ती समदृष्टी वर्गात, खानावळीत आणि कचेरीच्या खिडकीवर दिसली पाहिजे. तेव्हा अनेक विषाद जन्मालाच येणार नाहीत.

गीताप्रेमी वाचकांना उद्देशून एक गोष्ट मुद्दाम सांगणे अवश्य आहे. खचलेल्या तरुणाच्या हाती लगेच गीता द्यावी, असे अनेकांना वाटते. गीतेची थोरवी निःसंशय आहे. पण हे ज्ञान ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला सांगू नये, अशी मर्यादा अठराव्या अध्यायात श्रीभगवंतांनीच घालून दिली आहे. अर्जुनाने मी तुमचा शिष्य आहे, मला सांगा, असे म्हटल्यावर उपदेशाला आरंभ झाला. आद्य शंकराचार्यांनीही आपले श्लोकशः भाष्य उपदेश सुरू होतो तेथपासूनच लिहिले. तर ज्ञानेश्वर महाराजांनी पहिल्या अध्यायावरही प्रेमाने विस्तार केला आणि कोरड्या लाकडाला पोखरणारा भ्रमर कोवळ्या कमळकळीत कसा अडकतो, या दृष्टांताने अर्जुनाची कोंडी समजावून दिली. बलवान माणूसही कोमल गोष्टीत अडकू शकतो, हे त्यांनी दोष न देता दाखविले. दोन्ही आचार्य वंदनीय आहेत. पण ज्याच्यापुढे रडणारा विद्यार्थी बसला आहे, त्याने ज्ञानेश्वर महाराजांप्रमाणे आधी पहिल्या अध्यायापाशी थांबावे. भुकेल्याला आधी अन्न, आजाऱ्याला आधी वैद्य, एकट्याला आधी सोबत. गीता तो स्वतः मागेल तेव्हा द्यावी; आणि विद्यार्थी दुसऱ्या धर्माचा असेल, तर त्याच्या श्रद्धेचा आधार त्याला घेऊ द्यावा.

माता-पित्यांचाही यात वाटा आहे. वसतिगृहातून रेक्टरांचा दूरध्वनी आला, की पुष्कळ घरी पहिला प्रश्न निघतो, "परीक्षा बुडणार नाही ना?" आणि दुसरा, "ही गोष्ट चारचौघांत जाणार नाही ना?" मुलाला ही उत्तरे कधी ना कधी ऐकू येतात आणि आपल्या जिवापेक्षा आपले गुण घराला अधिक प्रिय आहेत, असा अर्थ तो काढतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे सूत्र आपण मुलाला पाठ करावयास लावतो. ते प्रथम आपणच पाळावयाचे आहे. एक वर्ष वाया गेले तर ते पुढे भरून निघते. "तू घरी ये, पुढचे आपण सारे मिळून पाहू," एवढे एक वाक्य आई-वडिलांच्या तोंडून वेळेवर निघाले, तर विद्यापीठाचे निम्मे काम होते.

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. पाहिले, ऐकले, वैद्यांपर्यंत नेले, सोबत केली, आणि तरीही एखादा विद्यार्थी हातचा गेला, तर? अशा अध्यापकाच्या मनात 'मी आणखी काही केले असते तर' हा काटा पुढे अनेक वर्षे सलत राहतो. त्याला कोणते सांत्वन द्यावे? फळावर अधिकार नाही, हे वचन येथे हात झटकण्यासाठी नाही. ज्याने कर्म केले आहे त्याला जगता यावे यासाठी आहे. ज्याने काहीच केले नाही त्याला ते वचन वापरण्याचा हक्क नाही. ज्याने सर्व केले त्याला ते आधारासाठी मिळालेले आहे. तसेच अशा सहकाऱ्याला एकटे सोडणे हेही इतरांना शोभत नाही. जो दुसऱ्याचे दुःख ऐकतो, त्याचेही दुःख ऐकणारा कोणी असावा लागतो.

तैत्तिरीय उपनिषदात विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की, कर्तव्याविषयी शंका आली तर विचारी, धर्मनिष्ठ पुरुष कसे वागतात ते पाहून तसे वाग. त्या पुरुषांच्या वर्णनात 'अलूक्ष' असा एक शब्द आहे. अलूक्ष म्हणजे रूक्ष नसलेले, ज्यांच्या स्वभावात कोरडेपणा नाही असे. विद्वत्तेबरोबर स्निग्धताही आदर्शाचे लक्षण मानली गेली, हे आपल्या विद्यापरंपरेचे वैभव आहे.

गीतेच्या अखेरीस श्रीभगवान अर्जुनाला म्हणतात की, याचा पूर्ण विचार करून तुझी इच्छा असेल तसे कर. पहिल्या अध्यायात ज्याच्या हातून धनुष्य गळून पडले होते, त्याला शेवटी स्वतःच्या पायावर उभे राहून स्वतःचा निर्णय घेण्याइतके बळ आले होते. आचार्यधर्माचे साफल्य यातच आहे. त्याने विद्यार्थ्याला आपल्या आधारावर कायम टेकवून ठेवू नये. पण तो उभा राहीपर्यंत रथ सोडूनही जाऊ नये. आपल्या देशातील प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक वसतिगृहात, विषादाच्या क्षणी रथ थांबविणारा एक तरी सारथी प्रत्येक विद्यार्थ्याला लाभो, हीच त्या पार्थसारथीच्या चरणी प्रार्थना.